पेटारा, दाई आणि दोन आया : खुल्या दत्तकविधानाच्या कल्पनेचे परीक्षण

‘खुले दत्तकविधान’ हा शब्दप्रयोग आमच्या पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या बोलण्यात अलीकडे येऊ लागला आहे. अविवाहित मुलीस दिवस जातात, गोष्ट उशिरा उघडकीस येते, आईबाप रात्री पाळकाच्या दाराशी येतात, आणि मूल जन्मल्यावर त्याचे काय करावे हा प्रश्न त्याच्या पुढ्यात पडतो. अशा वेळी परदेशी समुपदेशन-पुस्तिकांतून आलेली ही कल्पना सांगितली जाते. तिचा आशय असा : जन्मदातीने मूल दुसऱ्या कुटुंबास द्यावे, पण ते देताना ओळख तोडू नये. पत्रे, छायाचित्रे, वर्षाकाठी एखादी भेट चालू राहावी, आणि आपण कोणाच्या पोटचे आहोत हे मुलापासून लपवू नये. पुष्कळदा मुलीने गरोदर असतानाच घेणारे जोडपे निवडलेले असते, आणि प्रसूतीच्या वेळी ते जोडपे रुग्णालयात हजर असते.

ही कल्पना सर्वांशी स्वीकारावी की सर्वांशी टाकावी, असा सरधोपट प्रश्न आम्ही विचारीत नाही. तिच्या समर्थनार्थ व्यासपीठावरून जी शास्त्रस्थळे पुढे केली जातात ती तो भार पेलतात काय, आणि आदिलाबादच्या सीमाभागातील मराठी मंडळ्यांत ती कल्पना आहे तशी लावता येईल काय, एवढेच तपासावयाचे आहे.

सीमाभाग म्हणण्याचे कारण उघड आहे. जुना आदिलाबाद जिल्हा निजामी राजवटीत होता, १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. तरी पैनगंगेच्या दक्षिण तीरावर जैनथ, बेला या भागांत मराठी घरोघर बोलली जाते. उत्तर तीरावर यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुका लागतो. सोयरिकी, बाजार, मजुरी आणि उपासना नदीच्या दोन्ही बाजूंस चालतात. याच झरी-जामणीच्या ‘कुमारी मातां’चा प्रश्न महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात अनेक वर्षे गाजला. त्या मुली बहुतांशी कोलाम व गोंड समाजाच्या. लग्नाचे वचन देऊन पुढे नामानिराळे झालेले पुरुष बहुधा बाहेरून आलेले कंत्राटदार, व्यापारी, नोकरदार. यातील कित्येक मुली मूल जवळ ठेवून, मजुरी करून त्याला वाढवीत आल्या आहेत, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता शास्त्राकडे वळू.

खुल्या दत्तकविधानाचा पुरस्कार करणारा वक्ता प्रथम निर्गमाचा दुसरा अध्याय उघडतो. पेटाऱ्यात ठेवलेले बालक, फारोच्या मुलीची करुणा, मिर्यामेची समयसूचकता, आणि आईच दाई होऊन परत येणे. ‘पाहा, शास्त्रातील पहिले खुले दत्तक !’ असे म्हणून तो पुढे जातो. हे वाचन मनोहर आहे, पण उतावळे आहे. त्या अध्यायात दाई हीच जन्मदाती आहे हे फारोच्या मुलीस ठाऊक होते असे कोठेही म्हटलेले नाही. मूल इब्री आहे एवढे तिने ओळखले. ते कोणाचे, हे तिला कोणी सांगितले नाही. सांगणे शक्यही नव्हते, कारण त्या मुलाचे जिवंत असणे हाच तिच्या बापाच्या राज्यात अपराध होता. म्हणजे तेथे एका बाजूस पूर्ण ज्ञान आहे आणि दुसऱ्या बाजूस पडदा. आईला आई म्हणून नव्हे, तर मोलकरीण म्हणून आपल्या मुलाजवळ राहता आले. याला खुलेपणा म्हणावयाचे असेल तर दुर्बळ बाजूने जीव मुठीत धरून मिळविलेला खुलेपणा असे म्हणावे लागेल.

आणखी एक तपशील आमचे वक्ते गाळतात, तो वेतनाचा. स्वतःच्या मुलाला दूध पाजण्याबद्दल त्या आईला राजवाड्यातून मजुरी मिळाली. प्रवचनात याचा उपयोग ‘देव किती विनोदी रीतीने कार्य करतो’ असे सांगण्यासाठी होतो, आणि श्रोते हसतातही. पण जेथे देणारी बाजू दरिद्री आणि घेणारी संपन्न असते, तेथे मूल आणि पैसा एका ओळीत आले म्हणजे काय होते, हे तेलंगणाने पाहिले आहे. १९९९ आणि २००१ साली या प्रदेशातील लंबाडा तांड्यांतून तान्ह्या मुली अल्प पैशांत उचलून हैदराबादच्या संस्थांमार्फत परदेशी दत्तक देण्याचा व्यवहार उघडकीस आला. त्या वेळच्या आंध्र प्रदेश शासनाने २००१ मध्ये केवळ दारिद्र्य, मुलांची संख्या किंवा नकोशी मुलगी या कारणांवरून मूल स्वाधीन करून घेण्यास मनाई केली. त्या आयांना कोणी ‘तुम्ही मूल विकले’ असे म्हणाले, कोणी ‘तुम्ही त्याचे कल्याण केले’ असेही म्हणाले. त्यांना स्वतःला काय म्हणावयाचे होते, हे फार थोड्यांनी विचारले. योखबेदीचे वेतन वाचताना या तांड्यांची आठवण ज्या वक्त्याला होत नाही, त्याने तो अध्याय आमच्या प्रदेशात वाचलेला नाही.

मग या अध्यायात उचलण्याजोगे काही नाही काय ? आहे, आणि ते थोडे पुढे आहे. मोशे मोठा झाल्यावर बाहेर पडतो आणि आपल्या भाऊबंदांचे कष्ट पाहतो. ते आपले भाऊबंद आहेत हे त्याला कसे कळले, याचे स्पष्टीकरण लेखक देत नाही, जणू ते देण्याची गरजच नाही. राजवाड्यात वाढलेल्या मुलाच्या जन्माचे सत्य त्याच्याजवळ पोहोचले होते. ते दाईच्या मांडीवर पोहोचले असेल, फारोच्या मुलीने सांगितले असेल, किंवा दोन्ही मिळून. कथेचा पुढचा सारा भार त्या ज्ञानावर उभा आहे. मोशेला आपण कोण हे ठाऊक नसते तर निर्गम घडला नसता. खुल्या दत्तकविधानाच्या कल्पनेतील जे खरे बीज, म्हणजे मुलाला सत्य कळण्याचा अधिकार, त्याला या अध्यायाचा आधार निश्चित आहे. भेटीगाठींच्या करारास, गर्भारपणातच पालक निवडण्याच्या पद्धतीस तो नाही.

इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय घेऊन काही जण उलट टोकास जातात. मोशेने फारोच्या कन्येचा पुत्र म्हणवून घेणे नाकारले, यावरून ते दत्तक आईची निंदा करतात. एका वडीलधाऱ्या उपदेशकांनी या वचनाच्या आधारे ‘रक्ताचे ते रक्ताचे’ असा निष्कर्ष काढलेला आम्ही ऐकला आहे, आणि त्या उपासनेस दत्तक मुलाचे आईबाप बसलेले होते. ते वचन सत्तेच्या त्यागाविषयी आहे, त्या स्त्रीच्या मायेविषयी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन आपल्या भाषणात तिने त्याला स्वतःचा मुलगा म्हणून वाढविले हे आवर्जून सांगतो, आणि त्यात कडवटपणाचा लवलेश नाही.

हन्नेची कथाही या संदर्भात हल्ली सांगितली जाते. शमुवेलाला तिने मंदिरात दिले आणि दर वर्षी त्याच्या मापाचा लहानसा झगा शिवून ती त्याला भेटावयास जाई. मुलगा मोठा होत जातो तसा दर वर्षी अंदाजाने मोठा झगा बेतणारी ती आई, हे चित्र शास्त्रातील अत्यंत कोमल चित्रांपैकी एक आहे आणि ज्या स्त्रीने मूल दिले आहे तिला ते एकदम कळते. पण हन्ना विवाहित होती, तिने ते मूल मागून घेतले होते, आणि नवसाने दिले. शिवाय ज्या घरात तिने ते ठेवले त्या एलीच्या मुलांची वर्तणूक कशी होती, हे त्याच अध्यायात लिहिले आहे. घेणाऱ्या घराची चौकशी कोणी केली होती, हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गांत कोणी विचारीत नाही, विचारावयास हवा.

आमच्या मते ज्या स्त्रीच्या प्रश्नाशी प्रस्तुत प्रश्नाचे खरे नाते आहे ती हागार. तिच्या उदरातील मूल सारायचे म्हणून गणले जावे अशीच योजना होती. त्या योजनेत हागारेचे मत कोणी विचारले नाही. अब्राम आणि साराय आपसांत बोलतात तेव्हा तिचे नावही घेत नाहीत, ‘दासी’ एवढेच म्हणतात. दिवस गेल्यावर छळ झाला आणि ती रानात पळाली. तेथे देवदूत तिला प्रथम नावाने हाक मारतो, आणि मग विचारतो की तू कोठून आलीस व कोठे चाललीस. अनपेक्षित गरोदरपण घेऊन दाराशी आलेल्या मुलीस पाळकाने कोणता प्रश्न प्रथम विचारावा, याचे याहून स्पष्ट मार्गदर्शन आम्हांस शास्त्रात सापडत नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘तो कोण ?’ आणि दुसरा, ‘कोणाकोणाला कळले आहे ?’ दत्तकाचा विचार, खुल्या वा बंद, त्यानंतर फार लौकर येतो, आणि बहुधा तो मुलीच्या तोंडून आलेला नसतो.

देवदूत तिला परत जावयास सांगतो, ही त्या कथेतील अवघड जागा आहे आणि ती गुळगुळीत करून सांगू नये. छळ होतो त्या घरी गरोदर मुलीस परत पाठविण्यास हे वचन आधार म्हणून वापरणे हा शास्त्राचा गैरवापर होईल. एकविसाव्या अध्यायात हागार पुन्हा रानात आहे, आणि तेव्हा तिला परत पाठविलेले नाही. मुलासह जगण्याची सोय, पाण्याची विहीर, तिला दाखविली आहे. दोन्ही प्रसंगी मूल तिच्याजवळच राहिले.

पौलाच्या ‘दत्तकपणा’विषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. रोमकरांस व गलतीकरांस पत्रांत तो जो ग्रीक शब्द योजतो त्याची पार्श्वभूमी रोमी कायद्याची आहे. त्या कायद्याने दत्तक पुत्र जुन्या पित्याच्या सत्तेतून निघून नव्या पित्याच्या सत्तेत जाई, आणि तो बहुधा तान्हा नसून वाढलेला पुरुष असे. यावरून ‘ख्रिस्तात जुने नाते तुटले तसेच दत्तकात जन्माचे नाते तुटावे’ असा युक्तिवाद करणारे विसरतात की त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल तोच शब्द इस्राएलासाठी वापरतो आणि लगेच पूर्वजांची गणना करतो. रूपकावरून कौटुंबिक नियम काढू नयेत, एवढे म्हणणे पुरे.

याउलट मत्तयाच्या पहिल्या अध्यायाकडे या विषयाच्या दृष्टीने आमच्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही. योसेफ नीतिमान होता, म्हणून त्याने मरीयेस गुप्तपणे सोडण्याचे ठरविले. त्याच्या नीतिमत्तेचे पहिले रूप गुप्तता हे होते, आणि ते सद्‌हेतूचे होते. त्याला तिची बेअब्रू करावयाची नव्हती. देवाच्या दूताने त्याला दुसरी वाट दाखविली : तिला घरी आण आणि मुलाचे नाव तू ठेव. यहूदी समाजात नाव ठेवणे म्हणजे बापपण जाहीरपणे पत्करणे होते. जे मूल आपले नाही हे स्वतःस ठाऊक आहे, त्याचे बापपण चारचौघांत घेणे, हाच त्या अध्यायाचा गाभा आहे. गुप्तपणाकडून नावाकडे असा हा प्रवास आहे, आणि आमच्या मराठी समाजाच्या इतिहासात तो फार थोड्यांनी केला.

तो इतिहास मोठा बोधक आहे. आमच्याकडे दत्तक ही चोरून करण्याची गोष्ट कधीच नव्हती. आईबापांनी मूल प्रत्यक्ष हातांनी द्यावे आणि घेणाऱ्यांनी घ्यावे, हे देणेघेणे चारचौघांसमक्ष व्हावे, हा त्या विधीचा प्राण. मुलगा कोणाचा आणि कोठून आला हे सर्वांस ठाऊक असे. धर्मशास्त्रात ‘द्व्यामुष्यायण’ नावाचा एक प्रकारच होता, ज्यात मुलगा जन्मदात्या व दत्तक अशा दोन्ही पित्यांचा मानला जाई. पाश्चात्त्य पुस्तिका ज्याला आज नवी कल्पना म्हणून पुढे करतात, तिच्याजवळ जाणारा शब्द आमच्या जुन्या निबंधग्रंथांत पडून आहे.

मे १८७५ मध्ये नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. त्याचे जन्मदाते घराणे लपविले गेले नाही. त्याचे भाऊही बडोद्यास आले आणि वाढले. त्याच १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला, जो पुढे प्रार्थनासमाजाने चालविला. पंढरीची गर्दी, अनोळखी चेहरे, आणि यात्रेच्या निमित्ताने आलेल्या विधवा, यांमुळे तेथे अशा आश्रमाची गरज पडली. एकाच वर्षी, एकाच भाषेच्या समाजात, दत्तकाच्या दोन वाटा अशा शेजारीशेजारी दिसतात : औरस मुलग्यासाठी मिरवणुकीची, आणि विधवेच्या वा कुमारिकेच्या मुलासाठी अंधाराची. प्रश्न कधीच दत्तकाचा नव्हता. प्रश्न होता कोणाच्या पोटचे मूल उजेडात द्यावे याचा.

या दोन वाटा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी जोडल्या. १८६३ साली त्यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते अर्थातच गुप्ततेच्या पायावर. त्या काळी विधवेस तोंड लपवून येता आले नसते तर तिने विहीर जवळ केली असती. पण १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, त्याला यशवंत हे नाव दिले, शिकविले, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमले. त्याच्या जन्माची हकीकत त्यांनी दडविली नाही, म्हणूनच ती आज आपणांस ठाऊक आहे. फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा धडा त्यांनी तेथे गिरविला की नाही कोण जाणे. आमच्या बहुतेक मंडळ्यांनी तो गिरविलेला नाही, हे मात्र दिसते.

पश्चिमेकडील खुल्या दत्तकविधानाची चळवळ ही मुळात अंधाराच्या वाटेविरुद्धची प्रतिक्रिया आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मर्म आणि मर्यादा दोन्ही कळतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९१७ साली दत्तकाची न्यायालयीन कागदपत्रे लोकांच्या नजरेआड ठेवण्याचा कायदा केला. हेतू मुलाची निंदा टळावी हा. पुढील दशकांत अनेक राज्यांत ती कागदपत्रे खुद्द दत्तक मुलासही मिळेनाशी झाली. याचे दुष्परिणाम पाहून बॅरन, पॅनर व सोरोस्की या तिघांनी १९७० च्या दशकात आवाज उठविला. इंग्लंडात १९७५ च्या कायद्याने प्रौढ दत्तकास मूळ जन्मदाखला पाहण्याचा अधिकार मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी मार्च २०१३ मध्ये सक्तीच्या दत्तकविधानांबद्दल राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. आयर्लंडमधील माता-बालगृहांविषयीचा चौकशी-अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही देशांत अविवाहित मुलींना ज्या गृहांत ठेवले गेले त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती संस्था होत्या. त्यांचे चालक दुष्ट होते असे म्हणता येत नाही. ते योसेफाच्या पहिल्या विचारावर थांबले होते.

परंतु ज्या समाजात मुलगी सज्ञान आहे, तिला शासनाचा आधार आहे, आणि तिच्या निवडीला कायद्याचे पाठबळ आहे, तेथील उपाय जैनथच्या किंवा झरीच्या मुलीस तसाच देता येणार नाही. येथे कायद्याची नीट माहिती हवी, आणि आमच्या सेवकांत ती कमी आढळते.

बालन्याय कायद्याच्या रीतीने परक्या कुटुंबास मूल देताना जन्मदातीस घेणारे पालक निवडता येत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मूल स्वाधीन करावयाचे तर ते जन्मल्यावर बालकल्याण समितीपुढे आणून समर्पणलेख करावा लागतो. त्यानंतर फेरविचारास दोन महिन्यांची मुदत असते, आणि ती संपल्यावरच मूल दत्तकास मोकळे ठरते. पुढे मूल कोणाकडे जावयाचे हे केंद्रीय व्यवस्थेतील क्रमाने ठरते, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. गर्भारपणात केलेल्या करारास, मग तो पाळकाच्या साक्षीने का असेना, यात काडीचेही स्थान नाही. ही रीत सोडून मूल परस्पर दिले-घेतले तर ८० व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. पैशाची देवघेव असेल तर ८१ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. ‘आम्ही मंडळीतल्या मंडळीत एका निपुत्रिक जोडप्याला दिले’ ही सबब तेथे चालत नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा लागतो आणि गोष्ट कळलेल्या प्रत्येकास, पाळकासही, पोलिसांस कळविणे बंधनकारक होते. हे कटू वाटते, पण झरीच्या मुलींना फसविणारे पुरुष मोकळे राहिले ते असल्याच ‘आपसांत मिटविण्या’मुळे, हे विसरता येणार नाही.

१९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांस लागू नाही, आणि केंद्र शासनाने अधिसूचना काढल्यावाचून अनुसूचित जमातींसही नाही. म्हणजे आमच्या सीमाभागातील ख्रिस्ती आणि कोलाम-गोंड, दोघेही त्याच्या बाहेर उभे आहेत. ख्रिस्ती जोडप्यास पूर्वी १८९० च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे. मुलाला पुत्राचा दर्जा मिळत नसे. बालन्याय कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने आणि शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेल्या निर्णयाने धर्माचा अडसर दूर झाला. आजही काही ज्येष्ठ सेवक ‘आपल्यात दत्तक नाही’ असे सांगतात. ते जुन्या माहितीवर बोलत आहेत.

कायद्याने एक दार मात्र खऱ्या अर्थाने खुले ठेवले आहे, ते नातलगांचे. काका-काकू, आत्या, मामा, मावशी, आजीआजोबा यांना, धर्म कोणताही असो, नात्यातील मूल रीतसर दत्तक घेता येते. आमच्या समाजास हे परके नाही. मावशीकडे, आजोळी वाढलेली मुले प्रत्येक गावात आहेत. पण बहुधा ती कागदावाचून वाढतात, आणि पुढे शाळेचा दाखला, जातीचा दाखला, जमिनीची वाटणी यांच्या वेळी त्यांची ओढाताण होते. याहून वाईट म्हणजे आजी ‘आई’ बनते आणि खरी आई ‘ताई’ बनते, आणि घरातील सर्वांना ठाऊक असलेले सत्य मुलालाच ठाऊक नसते. खुलेपणाचा पुरस्कार करावयाचा तर तो प्रथम येथे करावा. परक्या जोडप्याशी पत्रव्यवहार ठेवण्याच्या योजना नंतर पाहता येतील.

आणि त्याहीपूर्वी मूल आईजवळ राहू शकते काय, हे पाहावे. कुमारी मातांपैकी ज्यांनी मुले वाढविली त्यांनी ती कोणत्याही पुस्तिकेच्या आधारावाचून वाढविली. ज्या मुलीस दोन महिन्यांची मुदत मिळते तिला त्या दोन महिन्यांत राहण्यास जागा, खाण्यास अन्न आणि टोमण्यांपासून आडोसा नसेल, तर ती मुदत म्हणजे कागदावरची शोभा होय. आदिलाबादच्या शासकीय रुग्णालयातून किंवा यवतमाळहून ती बाळासह परतते तेव्हा तिला कोणाच्या घरी उतरावयाचे, हे मंडळीच्या वडिलांनी आधी ठरविले आहे काय ? निर्णय तिचाच राहावा. ज्या मुलीला अन्नाची ददात नाही आणि तरीही जी मूल देऊ इच्छिते, तिच्यावर ‘निर्दय’ म्हणून शिक्का मारण्याचाही अधिकार कोणास नाही. हन्नेला कोणी निर्दय म्हणत नाही.

आता एका बारीकशा, पण आमच्या मते सर्वांत निकडीच्या गोष्टीकडे येतो. ती गोष्ट पूर्णपणे पाळकाच्या हातची आहे, तीत समिती नाही की जिल्हाधिकारी नाही : बाप्तिस्म्याची नोंदवही. मूल परस्पर दिले जाते तेव्हा पुष्कळदा त्या वहीत घेणाऱ्या जोडप्याचे नाव जन्मदाते म्हणून लिहिण्याचा आग्रह होतो, आणि दयाळू पाळकाची लेखणी तेथे घसरते. देवाच्या नावाने मुलाला नाव देण्याच्या घटकेस त्याच्याविषयी एक असत्य शाईने कायम होते. पन्नास वर्षांनी त्याच मुलाच्या नातवाने वही उघडली तरी त्याला ते असत्यच सापडते.

रोमन कॅथॉलिक मंडळीच्या १९८३ च्या कायदेसंहितेत, ८७७ व्या कलमात, याचा विचार केलेला आहे. अविवाहित मातेचे नाव, ते उघडपणे प्रस्थापित असेल किंवा तिने स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांपुढे मागितले असेल तर, नोंदवावे. दत्तक मुलाच्या बाबतीत घेणाऱ्यांची नावे लिहावी, आणि निदान त्या देशाच्या मुलकी नोंदीत तशी रीत असेल तर जन्मदात्यांचीही. यात मातेची इच्छा आणि सत्य दोन्ही सांभाळली आहेत. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या छापील वह्यांत ‘आईबापांची नावे’ असा एकच रकाना असतो आणि दत्तकाला जागाच नसते. मग पाळक काय लिहिणार?

घेणाऱ्यांची नावे ‘दत्तक पालक’ म्हणून, शासकीय आदेशाच्या क्रमांकासह, लिहिली जावीत. जन्मदातीने आपण होऊन नाव दिले तर ते वेगळ्या पाकिटात मोहोरबंद ठेवावे. दिले नाही तर रकाना कोरा ठेवावा, खोटा भरू नये. दाखल्याची नक्कल मागणाऱ्यास दत्तक पालकांचीच नावे द्यावीत, म्हणजे शाळेत कोणी मुलाकडे बोट दाखविणार नाही. दत्तक व्यक्ती सज्ञान झाल्यावर शासनाच्या नियमांप्रमाणे आपल्या मूळाचा शोध मागू शकते, आणि तेथेही मातेने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल तर ते राखले जाते. मंडळीच्या पाकिटासही तोच नियम असावा. ‘वहीत दत्तक लिहिले तर मुलाला डाग लागेल’ हा आक्षेप आम्हांस माहीत आहे. ज्या मंडळीत तो डाग मानला जातो तेथे तो वहीच्या बाहेरच लागलेला असतो.

नव्या वह्या छापावयाच्या तेव्हा संबंधित मंडळांनी हे रकाने घालावेत. तोवर चालू वहीच्या समासात तशी नोंद करता येते, आणि त्या खाली पाळकाची सही व दिनांक असावा. पाकिटे कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाजवळ आहे, हे बदली होऊन जाणाऱ्या पाळकाने येणाऱ्यास लेखी सांगावे.